आजीची सही चालते

मूल आईबापाचं की सरकारचं, या वादाचा फड महाराष्ट्रात अधूनमधून रंगतोच. निमित्त कधी लसीचं असतं, कधी ‘अपार’ या विद्यार्थ्यांच्या ओळखक्रमांकाच्या संमतीपत्राचं, कधी तिसऱ्या भाषेचं. एक बाजू म्हणते, मूल आमचं, त्याने काय शिकायचं आणि त्याच्या दंडात कोणती सुई टोचायची हे आम्हीच ठरवणार. दुसरी म्हणते, सगळं पालकांवर सोडलं असतं तर देवीची साथ अजून गेली नसती. कोकणात मंडणगडापासून दोडामार्गापर्यंतच्या वाड्यांत हे भांडण ऐकताना वेगळाच प्रश्न पडतो. ज्या पालकाच्या हक्कासाठी एवढं रण माजलंय, तो पालक आहे कुठे? बाप विरारला किंवा डोंबिवलीला. आई कधी त्याच्याजवळ, कधी गावी. आणि सकाळी पेज भरवून, दप्तर खांद्याला लावून मुलाला साकवापर्यंत पोचवणारी आजी.

भूमिका आधीच सांगून टाकलेली बरी. आपल्या कायद्यात शिक्षणाचा आणि उपचाराचा हक्क मुलाचा आहे आणि पालक त्या हक्काचा राखणदार आहे. शाळा, कचेरी आणि दवाखाना यांच्यापुढे त्याचं बळ मोठं आहे: त्याला विचारलं पाहिजे, कागद दाखवले पाहिजेत, लेखी उत्तर दिलं पाहिजे. मुलाच्या विरोधात मात्र हे बळ फारसं चालत नाही, आणि चालू नये. दुसरं असं की हे राखणदारपण प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याकडेही असतं. म्हणून आजीची सही चालते. चालायला हवी, अशी ही मागणी नव्हे. आजच्या कायद्यात ती चालतेच. अडते ती फक्त आपल्या छापील फॉर्मांत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये आईबापांची व्याख्या वेगळी आहे आणि पालकाची वेगळी. आईबाप म्हणजे जन्म दिलेले, सावत्र किंवा दत्तक घेतलेले. पालक म्हणजे मुलाची देखभाल आणि ताबा ज्या व्यक्तीकडे आहे ती. नैसर्गिक पालक, न्यायालयाने किंवा कायद्याने नेमलेला पालक हेही तिच्यात येतात. म्हणजे कोर्टाचा कागद ही एकच वाट नाही. पुढे कलम १० मुलाला शाळेत घालायचं कर्तव्य ‘आईबाप किंवा पालक’ यांच्यावर टाकतं, आणि कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीतल्या तीन चतुर्थांश जागा याच दोघांना देतं. आरोग्याकडे या. भारतीय न्याय संहितेचं कलम २७, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं कलम ८९, बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालकाची किंवा कायदेशीर ताबा असलेल्या अन्य व्यक्तीची संमती पुरेशी मानतं. आणि कलम ३० सांगतं की संमती घेण्याइतका वेळच नसेल, तर हितासाठी केलेली कृती संमतीशिवायही गुन्हा ठरत नाही. हे कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोकणातली आजी होती असं कोणी म्हणणार नाही, पण ती त्यांत बसते.

आईच्या बाबतीत तर प्रश्न केव्हाच मिटायला हवा होता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असे शब्द आहेत. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या गैरहजेरीत असा लावला, त्यासाठी बाप मरावा लागत नाही. तरीही शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाइड मागायला गेलेल्या आईला ‘मिस्टरांची सही आणा’ असं ऐकवलं जातं. १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लावायचा निर्णय राज्याने घेतला. नाव पुढे आलं. सहीचं काय?

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण तिचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पालक मुलाचं नेहमी भलंच करतात, हे खोटं आहे. सातवीनंतर हायस्कूल दूर आणि एसटीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून घरी बसवली जाते ती मुलगीच. लग्न अठराच्या आत उरकायची घाई पालकांनाच असते. फुरसं हा विषारी साप चावलेल्या पोराला दवाखान्याआधी उतारा करणाऱ्याकडे नेणारेही घरचेच. आणि इतिहास तर याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना शाळेत घ्या म्हणून अर्ज केले. त्या काळात अशा मुलांना वर्गाबाहेर, पडवीत बसवलं जाई, आणि त्यामागे सवर्ण पालकांचा आक्षेप असे: आमच्या मुलांशेजारी ही मुलं नकोत. दोन्हीकडे पालकच होते. दोघेही मुलांच्या शाळेबद्दलच बोलत होते. ‘पालकांचा हक्क’ एवढंच तत्त्व हातात घेतलं, तर या दोघांत निवाडा कसा करणार? निवाडा होतो तो मुलाच्या हक्काकडे पाहिल्यावर. एकाचा अर्ज मुलाला आत आणणारा होता, दुसऱ्याचा मुलाला बाहेर ठेवणारा.

म्हणूनच सक्तीच्या शिक्षणाची मागणी इथल्या सुधारकांनी केली. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ती मांडली. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, आणि मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधकांचा सूर आजही ओळखीचा वाटेल: लोकांचीच मागणी नाही, लोक तयार नाहीत, पैसा कुठून आणायचा. पण गोखल्यांच्या विधेयकातलं एक कलम आज फारसं कोणी आठवत नाही. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील, तिथेच स्थानिक संस्थेला सक्ती लागू करता येणार होती. आधी शाळा, मग सक्ती, हा क्रम त्यांनी पाळला होता. पालकाला बंधनात घालायचं तर सरकारने आधी आपलं बंधन पाळावं, हा व्यवहार त्यात होता. आज हा क्रम उलटा झालाय, आणि माझं भांडण आहे ते तिथे.

कसा, ते वीस या आकड्यावरून पाहू. राज्याच्या २०११ च्या आरटीई नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, पण त्याला किमान वीस मुलांची अट जोडलेली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने वीसच्या आतल्या पटाच्या शाळांना दुसरा नियमित शिक्षक मिळणं अवघड केलं आणि सहावी ते आठवीच्या छोट्या वर्गांवर शिक्षक गमावण्याची पाळी आणली. १७ जून २०२५ च्या शासन निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा निवडायची मुभा होती. वर्गातल्या किमान वीस जणांनी ती मागितली तरच शिक्षक, नाहीतर ऑनलाइन. तो निर्णय २९ जूनला मागे घेतला गेला, बरं झालं. पण त्या गदारोळात वीसच्या अटीवर किती जण बोलले? रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्या शाळेचा सगळा पटच वीसच्या आत आहे, तिथे एका वर्गातून वीस पालक आणायचे कुठून? निवड दिली म्हणायचं आणि ती डोकी मोजून द्यायची, म्हणजे दाट वस्तीला हक्क आणि विखुरलेल्या वाडीला शासन निर्णयाची प्रत.

यावर शिक्षण खात्याचं उत्तर तयार असतं. सात मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, आणि सात मुलांच्या शाळेत मुलाला सोबती मिळत नाहीत, खेळ होत नाही, स्पर्धा राहत नाही. यातला दुसरा भाग खरा आहे. कबड्डीचा एक संघसुद्धा जेमतेम उभा राहतो. शिवाय पट घटवण्यात पालकांचाही हात आहे. वाडीच्या तोंडाशी येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये मुलं कोण बसवतं? माध्यम निवडायचा अधिकार २०१४ च्या कर्नाटक निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केलाय, तेव्हा तो वापरला म्हणून कोणाला बोल लावता येत नाही. पण पहिला भाग, परवडण्याचा, कायद्यापुढे टिकत नाही. आरटीईच्या परिशिष्टात साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असं लिहिलंय. साठ ही वरची मर्यादा आहे. खालची मर्यादा परिशिष्टात नाहीच. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्ही गटांना एकेक, हेही तिथेच आहे. आणि शाळा हलवायचीच असेल, तर वाहन आधी हवं. वाहतूक भत्ता शैक्षणिक वर्ष अर्धं सरल्यावर खात्यात येणार आणि मूल जूनच्या पावसात, पऱ्याला पाणी आलेलं असताना, दोन वाड्या ओलांडून जाणार. मग पहिला पावसाळा संपायच्या आत कोणाचं नाव हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ म्हणून दिसतं? बहुतेकदा मुलीचंच.

आकड्यांचा घोळ समितीतही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत बारा ते सोळा सदस्य लागतात. बारांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे नऊ जण आईबाप किंवा पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, अध्यक्ष पालकांतला हवा, आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. सात मुलं आणि पाच घरं अशा शाळेत हे नऊ जण जमवायचे. पाच बाप मुंबईत. मग कागदावर बापांची नावं चढतात, सभेचं इतिवृत्त आधीच लिहून ठेवलं जातं, आणि सही पुढच्या सणाला घेतली जाते. या समितीकडे काय काय आहे? आरटीईच्या कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा तीच बनवते, आणि कलम २१ प्रमाणे अनुदानाच्या खर्चावर देखरेख तीच करते. गळकं छप्पर, बंद पडलेलं स्वच्छतागृह, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, सगळं तिच्या कक्षेत. एवढं बळ कायद्याने पालकाला दिलं आणि ते गैरहजर माणसाच्या नावावर पडून आहे. आजीला सदस्य करा, पाच घरांतून पाच आज्या आणि तीन-चार आया सहज मिळतील, महिलांचं प्रमाणही आपोआप जमेल. आजीला वाचता येत नाही, हा आक्षेप निघतो. इतिवृत्त वाचून दाखवणं मुख्याध्यापकाचं काम आहे. आणि तांदळात पोरकिडे झाले की नाही हे कळायला अक्षरओळख लागत नाही.

आरोग्यात नकाराचा हक्क आणि विचारलं जाण्याचा हक्क या दोहोंची सर्वांत जास्त गल्लत होते. शाळेत दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचं साधं उदाहरण घ्या. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. दहा ते एकोणीस वर्षांना निळी, ६० मिलिग्रॅमची. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. औषधं चांगली आहेत. बिघडतं कुठे? पोषण आहार यायला उशीर झाला आणि गोळी उपाशीपोटी दिली, की दोघा-तिघांना मळमळतं. एकाने ओकारी काढली की त्याला पाहून वर्गातले आणखी चार जण पोट धरून बसतात. दुसऱ्या दिवशी मुलाला काळी शी होते, आजी घाबरते, कारण लोहामुळे तसं होतंच आणि त्यात धोका नाही, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गोळीने मुलं आजारी’ असा मजकूर फिरतो आणि पुढच्या आठवड्यात निम्मी मुलं गोळी तोंडात धरून पडवीबाहेर थुंकतात. आदल्या दिवशी दप्तरात चार ओळींची चिठ्ठी गेली असती, तर यातलं बरंचसं टळलं असतं: कसली गोळी, का, काय त्रास होऊ शकतो, कोणत्या मुलाला द्यायची नाही. ताप असलेल्या किंवा दुसरं औषध चालू असलेल्या मुलाची माहिती शिक्षकापेक्षा घरी जास्त असते. म्हणजे विचारण्यात सौजन्यापेक्षा सुरक्षिततेचा भाग मोठा आहे.

न विचारता पुढे गेलं की काय होतं, याचा धडा आपल्या देशात एकदा मिळालाय. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या झाल्या. काही मुली दगावल्या; ते मृत्यू लसीमुळे झाले असं सिद्ध झालं नाही. पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदीय स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आज या लसीबद्दल शंका विचारणारी आई अडाणी ठरवली जाते. तिच्या शंकेमागे ते फॉर्म आहेत, हे कोणी सांगत नाही. चांगल्या लसीला सर्वांत मोठा धक्का लसविरोधकांनी दिला नव्हता. तो घाईने दिला.

इथे कोणी विचारेल, आता वॉर्डनची सही नको म्हणता आणि आजीची चालते म्हणता, हे कसं? फरक ताब्याचा आणि हिताचा आहे. वॉर्डनवर आकडा गाठायचा दबाव असतो, आजीवर नाही. ज्याचं उद्दिष्ट भरायचंय त्याने मुलाच्या वतीने होकार द्यायचा नाही, एवढी एक रेघ ओढली तरी पुष्कळ झालं. हाच नियम ‘अपार’लाही लावा. ते संमतीपत्र ऐच्छिक आहे, पालकाला नाही म्हणता येतं. पण शंभर टक्क्यांचं उद्दिष्ट शाळेच्या डोक्यावर बसवल्यावर ते ऐच्छिक कितपत उरतं?

गोवराचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे विरोधी बाजू सर्वांत बळकट आहे. हा रोग इतका झपाट्याने पसरतो की सुमारे ९५ टक्के मुलं लसवंत असल्याशिवाय साथ अडत नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत साथ आली तेव्हा हे पुन्हा दिसलं, आणि गोवंडी-मानखुर्दहून सुटीत गावी येणारं मूल हा रोग एका रात्रीत एसटीने वाडीत आणू शकतं. दर घरी विचारत बसलो आणि दहा टक्क्यांनी नकार दिला तर? म्हणून २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हा कामाचा सगळा भर आकड्यावर होता. दिल्लीत अशाच मोहिमेवर जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की पालक गप्प राहिले म्हणजे संमती दिली असं धरता येणार नाही. लसीचे फायदे आणि दुष्परिणाम दोन्ही सांगून विचारायला हवं. यामुळे प्रमाण घसरेल अशी भीती होती. पण पोलिओचा अनुभव उलट सांगतो. उत्तर प्रदेशात कुटुंबं दार लावून घेत होती. तिथे गल्लीतल्याच बायका दारोदार पाठवून, त्याच त्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन काम झालं. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला नोंदला गेला आणि २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. विचारायला वेळ जातो. न विचारल्याची भरपाई करायला त्याहून जास्त जातो.

आणि जिथे क्षणाचा उशीर परवडत नाही तिथे कायदा पालकासाठी थांबतच नाही. देवगड-राजापूरच्या सड्यावर कातळाच्या फटीत फुरसं असतं. चड्डीतल्या पोराच्या घोट्याला दंश व्हायला वेळ लागत नाही. शिक्षकाने करायचं ते इतकंच: पोराला चालवायचं नाही, पाय घट्ट बांधायचा नाही, चिरायचा नाही, हलू न देता १०८ किंवा मिळेल त्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. तिथे डॉक्टर कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी कलती करतात. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. मग प्रतिविष, सुरुवातीला साधारण दहा कुप्या, आणि शेजारी ॲड्रेनालिन तयार, कारण प्रतिविषाचीच ॲलर्जी येऊ शकते. मुलाला मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण विष तेवढंच असतं. ‘लहान आहे, निम्मंच देऊ’ हा घातक समज आहे. यात बापाच्या सहीला जागा नाही, आणि ‘बाप आल्याशिवाय सुई नको’ म्हणणाऱ्या चुलत्याचं डॉक्टरने ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम ठरवलंय. उतारा करणाऱ्याकडे न्यायचा हक्क कुठल्याही कलमात सापडणार नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेचं वेगळं. तिथे आईबापांना फोनवर गाठून, समजावून, होकार घेणं योग्यच.

पण तातडी संपल्यावर पालकाचा हक्क पुन्हा पूर्ण जागा होतो, आणि नेमका तिथे तो वापरला जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. छातीत आवाज आला, नजर कमी वाटली, तर संदर्भ चिठ्ठी लिहून देतं. हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा यात मोफत होते. चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तर ओलं होतं, आजीला वाटतं शाळेचा काहीतरी कागद आहे. सावंतवाडीकडचं पोर असेल तर पुढची धाव बांबोळीच्या इस्पितळात, गोव्यात. तिथवर जायला दिवसाची मजुरी बुडवणारा माणूस लागतो. पथकाने काय पाहिलं हे लेखी मागणं पालकाच्या हातात आहे. रुग्णालयातले कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लसीला नकार द्यायला दहा जण पुढे येतात, हे कागद मागायला कोणी जात नाही.

शाळेच्या तक्रारीतही घोडं इथेच पेंड खातं. कोकणात पद्धत निवेदनाची. पन्नास सह्या, पुढाऱ्यासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कागद देतानाचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. निवेदनाला मुदत नसते, म्हणून त्याला उत्तरही नसतं. आरटीईच्या कलम ३२ खाली तक्रार म्हटली की मुदत लागते: स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हा परिषदेने किंवा नगर परिषदेने, म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. त्यासाठी अर्जाच्या वरच ‘कलम ३२ खालील तक्रार’ लिहावं, एका अर्जात एकच प्रश्न ठेवावा, तारखा घालाव्यात, दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, सही घेऊनच उंबरा उतरावा. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवून पोच जपावी. एक सही पुरते. पन्नास नकोत. खासगी शाळांच्या फीबाबत मात्र कायद्याने पुन्हा डोकी मोजलीच आहेत: २०११ च्या फी नियमन कायद्याला नंतर दुरुस्ती करून पंचवीस टक्के पालक एकत्र आल्याशिवाय दाद नाही असं करून ठेवलंय. मुलाला वर्षभर त्याच वर्गात बसायचंय म्हटल्यावर किती पालक संस्थाचालकाविरुद्ध नाव घालतील?

राखणदारपण ज्यांच्याकडे आहे पण कागद नाही, अशांत आजीपेक्षाही दुबळे आहेत ते आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी. त्यांची मुलं बागेतल्या खोपटात वाढतात, मराठी फर्डी बोलतात. आरटीईचं कलम १४ सांगतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. आधार नसलं तरी प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केलंय. पण संचमान्यतेत आधार जुळलेली मुलंच मोजतात. मग मुख्याध्यापकाला ते मूल वर्गात चालतं, पटावर त्याचा उपयोग नसतो. कायद्याचं दार उघडं आणि हिशेबाचं बंद, असं हे चाललंय. रायगडात भट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं मधूनच निघतात तेव्हाही कलम ५ आठवावं: दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून पुढच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने थांबवायचं नाही.

करायला काय हवं, त्याला नवा कायदा लागत नाही. प्रवेश अर्जात ‘प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याचं नाव आणि फोन’ ही एक ओळ वाढवावी, आणि मुलाची ॲलर्जी, चालू औषधं, तातडीच्या उपचाराला होकार हे तिथेच नोंदवून घ्यावं. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी समितीचा किमान आकडा राज्याने नियमांत कमी करावा; तीन चतुर्थांशचं प्रमाण केंद्राच्या कायद्यात आहे, बाराचा आकडा नाही. आजीच्या सहीचा गैरवापर होईल, ही भीती उरते. मालमत्तेत किंवा लग्नात ती सही कुठे चालत नाही, हे शाळेला ठाऊक असायला हवं, आणि आईबाप जिवंत, संपर्कात आणि विरोधात असतील तर त्यांचं म्हणणं वर राहील. आणि वर्षातली एक पालकसभा चाकरमानी गावात असतील तेव्हा घ्यावी, म्हणजे गणपतीत किंवा मे महिन्यात. दोन्ही वेळा शाळेला सुटी असते, शिक्षक घाटावर आपल्या गावी गेलेले असतात, म्हणून ही सभा होत नाही. सुटीतल्या एका दिवसाच्या बदल्यात दुसरा दिवस द्यायचा अधिकार जिल्हा परिषदेकडे सोपवला, तर सहीपुरतं नाव असलेल्या त्या बापालाही विकास आराखडा एकदा वाचायला मिळेल.